चिपवर बोटाचं रक्त तपासताना: कामाचा क्रम आणि थेंब आत जायच्या आधीच होणाऱ्या चुका

परवा सकाळी जतकडच्या एका शिबिरातून फोन आला. "दादा, मशीन येडं झालंय, त्याच माणसाचं क्रिएटिनिन एकदा १.१ आलं आन् पाच मिनिटांत १.९." मी विचारलं दुसरी चिप कुठनं काढली. "आत्ताच, बर्फाच्या डब्यातनं." म्हटलं मग मशीनला कशाला नावं ठेवतोस, गारठलेली चिप दिलीस की त्याला. बाहेर ठेवलेली तिसरी चिप लावली तर परत १.१.

मी मिरजेत लॅबमध्ये असतो, महिन्यातले चार-पाच दिवस तासगाव, आटपाडी, शिराळा असा शिबिरांना फिरतो आणि असले फोन मला सारखे येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. हातात मावणारं मशीन आणि एकदाच वापरायची चिप, जिला कुणी कार्ट्रिज म्हणतं, त्यावर ग्लुकोज, क्रिएटिनिन आणि युरिया (हे दोन्ही किडनीचं काम बघायला), लॅक्टेट (मेहनतीनं किंवा आजारपणात रक्तात वाढणारं आम्ल) करणाऱ्यांसाठी आहे हे. साध्या ग्लुकोमीटरलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

एकच हिशोब आधी डोक्यात बसवा. चिपमधली नळी १०० मायक्रॉन रुंद, १०० मायक्रॉन खोल आणि १० सेंटीमीटर लांब धरली, तर ती काठोकाठ भरली तरी आत मावतं फक्त १ मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलीचा हजारावा भाग. ३ मिलीच्या ट्यूबमध्ये घामाचा एखादा थेंब पडला तर काही बिघडत नाही, इथं मात्र तेवढ्यानं सगळा रिपोर्ट बदलतो.

१. आदल्या रात्री: डब्यातला कागद वाचा

तो घडी घातलेला बारीक अक्षरातला कागद कुणी उघडत नाही. मी पण पहिलं वर्षभर उघडला नव्हता. सगळा वाचायची गरज नाही, पण एवढं शोधून मार्करनं डब्याच्या झाकणावर लिहा: रक्त कुठलं चालतं (बोटाचं, शिरेचं, का दोन्ही), किती मायक्रोलिटर लागतं, मशीन किती तापमानात चालतं, हेमॅटोक्रिटची (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के त्याची) मर्यादा काय, आणि आकडा प्लाझ्माचा (पेशी काढून उरलेल्या पाण्याचा) दाखवतं का अख्ख्या रक्ताचा. शेवटचं महत्त्वाचं अशासाठी की प्लाझ्मातली साखर अख्ख्या रक्तापेक्षा साधारण ११ टक्के जास्त येते, आणि लॅबचा रिपोर्ट प्लाझ्माचा असतो.

काही चिप बोटाच्या रक्ताला चालतच नाहीत, त्यांना शिरेतलं, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेलं रक्त लागतं. हे शिबिरात पोचल्यावर कळलं तर दिवस गेला.

२. चिप गार ठेवा, पण वापरताना गार नको

बऱ्याच चिप २ ते ८ डिग्रीला ठेवायच्या असतात. आत एन्झाइम (टेस्टची रिॲक्शन घडवणारं प्रथिन) वाळवून बसवलेलं असतं, ते उन्हात मरतं. पण गोठवलं तरी बिघडतं, आणि ही चूक मी स्वतः केलीय. आटपाडीला जाताना चिपचा बॉक्स थेट बर्फाच्या पॅकवर ठेवला, दोन तासांनी उघडला तर खालच्या चिपवर पांढरा बर्फ. चोवीस चिप टाकून दिल्या आणि त्याची बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हापासून बर्फाचा पॅक आणि बॉक्स यांच्यात जाड पुठ्ठा आणि एक टॉवेल घालतो, शिवाय आत छोटा थर्मामीटर.

वापरायच्या आधी चिप तिच्या बंद पाकिटातच बाहेर ठेवायची. आमच्याकडच्या एका प्रकाराला सुटी चिप असेल तर ५ मिनिटं आणि अख्खा बॉक्स असेल तर १ तास लागतो, तुमचा वेळ कागदावर बघा. पाकीट आधीच फोडलं तर गार चिपवर हवेतलं पाणी धरतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखं, आणि ते पाणी नळीत जातं. एकदा बाहेर काढून तापमानाला आलेली चिप उरली तर परत फ्रिजमध्ये टाकायची नाही. पाकिटावर तारीख लिहा आणि दिलेल्या मुदतीत संपवा.

आता मशीनचं बघा. हातात मावणाऱ्या बऱ्याच मशीनची मर्यादा १५-१६ ते ३० डिग्री अशी काहीतरी असते. एप्रिलमध्ये जत-आटपाडीत दुपारी चाळिशी गाठते, मंडपाचा पत्रा वेगळाच तापतो. म्हणून उन्हाळ्यात शिबिर सकाळी साडेसातला चालू करा आणि साडेदहा-अकराला मशीनचं काम आटपा, भाषणं आणि नारळ फोडणं त्यानंतर ठेवा म्हणून आयोजकांना आधीच सांगा. ते ऐकत नाहीत, तरी सांगा. गाडीच्या डिकीत मशीन ठेवू नका. एसीच्या झोताखाली पण नको.

*थांबा:* टेबलावरचा थर्मामीटर मर्यादेच्या वर गेला की काम बंद. मशीन आकडा देतंय म्हणून तो बरोबर आहे असं नाही.

३. पहिल्या माणसाच्या आधी कंट्रोल

मशीनसोबत एक खोटी चिप येते, ती घातली की "पास" दाखवतं. त्यावर खूश होऊन लोक कामाला लागतात. ती चिप फक्त मशीनची वायरिंग तपासते. प्रवासात तापलेली चिप पास आहे का नापास हे तिला कसं कळणार. त्यासाठी ओला कंट्रोल लागतो, म्हणजे माहीत असलेल्या आकड्याचं द्रावण, एक नॉर्मल आणि एक जास्त, असे दोन. नवीन लॉट (एकाच वेळी बनवलेल्या चिपचा गट) फोडला, चिप लांबून आल्या, मशीन पडलं किंवा आकड्यांवर शंका आली, तर दोन्ही लावायचे.

आकडा दिलेल्या रेंजमध्ये आला तर पुढे. नाही आला तर पास होईपर्यंत चिपवर चिप घालत बसू नका. असं करणारे मी पाहिलेत, चौथ्या वेळी पास झालं की चालू. अहो पण तीन वेळा नापास झालंय ना. तापमान बघा, कंट्रोलची बाटली उघडल्याची तारीख बघा, दुसऱ्या लॉटवर करून बघा, आणि तरी जमत नसेल तर त्या दिवशी ट्यूबमध्ये रक्त घेऊन लॅबला पाठवा.

४. माणसाला आधी बसवा आणि विचारा

लाइन लावून उभं करून फटाफट बोट टोचायचं नाही. खुर्ची द्या, १५ मिनिटं बसू द्या. लॅक्टेट करायचं असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण ऊसतोड करून थेट फडावरनं आलेल्या माणसाचं लॅक्टेट वाढलेलंच असणार, ते आजारामुळं नसतं. मूठ आवळायला लावू नका.

बसल्या-बसल्या हे विचारा आणि रजिस्टरला लिहा:

- शेवटचं कधी खाल्लं? नुसतं "उपाशी हाय" यावर विश्वास ठेवू नका, चहा घेतला का ते वेगळं विचारा. आपल्याकडं चहा खाण्यात धरत नाहीत.
- काल-आज मटण झालं का? शिजलेल्या मटणातलं क्रिएटिन शिजताना क्रिएटिनिन होतं आणि रक्तातला आकडा काही तास वर जातो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी किडनीचं शिबिर ठेवू नका, सगळं गाव पेशंट निघेल.
- व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या, पॅरासिटामॉल? इलेक्ट्रोडवर चालणाऱ्या काही चिपवर यांचा परिणाम होतो.
- हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का? सिकल सेलच्या पेशंटना देतात. काही चिपवर यानं क्रिएटिनिन खोटं वाढतं.
- पोटातून डायलिसिस चालू आहे का? त्यातल्या काही द्रावणांत आयकोडेक्स्ट्रिन असतं, त्याचं शरीरात माल्टोज होतं, आणि जीडीएच-पीक्यूक्यू या एन्झाइमवर चालणाऱ्या ग्लुकोमीटरच्या पट्टीला माल्टोज आणि ग्लुकोज यातला फरक कळत नाही. खरी साखर कमी असताना मशीन जास्त दाखवतं, मग कुणीतरी इन्सुलिन देतं. यात माणसं दगावलीत, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं (एफडीए) २००९ मध्ये याच कारणासाठी इशारा काढला होता.

५. हात धुणं (इथंच सगळ्यात जास्त घोळ)

मार्चमध्ये तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर शिबिर होतं. एक मावशी कामावरनं उठून आल्या, आमच्या पोरीनं स्पिरिटच्या कापसानं बोट पुसलं, टोचलं, साखर २६८. मावशींचा चेहरा उतरला, "आवो आमच्या घरात कुणालाच न्हाई ओ साखर." मी त्यांचा हात हातात घेतला तर बोटं एकमेकांना चिकटत होती, नखाच्या कडेला द्राक्षाचा चीक वाळलेला. नळावर नेलं, साबणानं धुवायला लावलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. १०९.

हिशोब करून बघा. साखर १०० एमजी/डीएल म्हणजे १०० मिली रक्तात १०० मिलिग्रॅम, म्हणजेच १ मायक्रोलिटर रक्तात १ मायक्रोग्रॅम ग्लुकोज. थेंब १० मायक्रोलिटरचा धरला तर १० मायक्रोग्रॅम, डोळ्याला दिसणारच नाही एवढं. तेवढंच ग्लुकोज बोटाला आधीच चिकटलेलं असेल तर आकडा थेट दुप्पट. द्राक्षात ग्लुकोज मोकळंच असतं त्यामुळं एन्झाइम लगेच धरतं. (चहातल्या साखरेवर हे एन्झाइम तसं चालत नाही, पण म्हणून न धुता टोचू नका.) आणि स्पिरिटच्या एका पुसण्यानं हा चिकटपणा नीट जात नाही, तो पसरतो फक्त. साखर पाण्यात विरघळते, म्हणून पाणीच पाहिजे.

क्रम असा: साबण, भरपूर पाणी, कोरडं फडकं. पाणी कोमट असेल तर उत्तम, रक्तही नीट उतरतं. त्यानंतर स्पिरिट वापरायचं असेल तर वापरा, पण ते हवेत पूर्ण वाळू द्या. फुंकर मारायची नाही.

*चेक:* बोटाला हात लावून बघा. ओलं नाही, चिकट नाही, गार नाही. तिन्ही जमलं तरच लॅन्सेट (बोट टोचायची सुई) उचला.

६. थेंब काढणं

ज्या हातानं काम करत नाही त्या हाताचं मधलं बोट किंवा करंगळीशेजारचं, आणि टोकाच्या मधोमध न टोचता कडेला. कोयता, खुरपं धरणाऱ्यांची कातडी जाड असते, तिथं कमी खोलीची सेटिंग ठेवली तर थेंब येत नाही आणि मग पिळणं चालू होतं. त्यापेक्षा आधीच लॅन्सेटची खोली वाढवा. हात अर्धा मिनिट खाली सोडायला सांगा.

पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसून टाका, त्यात कातडीखालचं पाणी आणि उरलंसुरलं स्पिरिट असतं. दुसरा थेंब घ्या. बोटाच्या मुळाकडून हलकं दाबा, सोडा, परत दाबा. गाईचं दूध काढल्यासारखं टोकाला पिळू नका. पिळलं की पेशींच्या आजूबाजूचं पाणी मिसळतं, आकडा पातळ होतो, आणि तांबड्या पेशी फुटतात. पोटॅशियम असलेली चिप असेल तर पेशी फुटल्यावर तो आकडा खोटा वाढलाच म्हणून समजा.

थेंब गोल मोत्यासारखा उभा राहिला पाहिजे. पसरला तर बोट ओलं आहे, पुसून परत. उभा राहिला की वेळ काढू नका, एवढासा थेंब पंख्याखाली सुकतो आणि गोठायलाही लागतो.

ज्या चिपला जास्त रक्त लागतं त्यांना हेपरिन लावलेली केशनळी वापरा, आडवी धरा, थेंबाला टेकवा, ती स्वतःच ओढते. मधे हवेचा तुकडा दिसला तर ती नळी फेका.

७. चिप भरणं

चिप सपाट टेबलावर किंवा बोटांत आडवी धरायची, कडेला पकडून. मधे जिथं सेन्सर किंवा द्रावणाची पुडी आहे तिथं दाबायचं नाही. आतली पुडी आधीच फुटली तर मशीनचं कॅलिब्रेशन (आकडा जुळवून घेणं) गेलं.

थेंब तोंडाला टेकवा आणि हलू नका. आत पंप-बिंप नसतो, नळीच्या भिंतीच रक्त ओढतात, दिव्याची वात तेल ओढते तसं. अर्ध्यात उचललं की हवा आत शिरते आणि बुडबुडा बसतो. एवढ्या अरुंद नळीत बुडबुडा आपोआप निघत नाही, तो बूच होऊन बसतो, पुढच्या सेन्सरला रक्त कमी पोचतं. थेंब चोळू नका, वरनं टपकवू पण नका.

कमी पडलं म्हणून दुसरा थेंब घालायचा मोह होतो. चिप महाग आहे, मला कळतंय. पण पहिल्या रक्ताची रिॲक्शन तोवर सुरू झालेली असते, त्यात नवीन रक्त मिसळून आलेला आकडा कशाचाच नसतो. फक्त ज्या चिपच्या कागदावर दुसरा थेंब इतक्या सेकंदांत चालेल असं स्पष्ट लिहिलंय तिथंच. बाकी ठिकाणी नवीन चिप, नवीन बोट.

खुणेपर्यंत भरलं, झाकण लावलं, बाहेर सांडलेलं पुसलं, की लगेच मशीनमध्ये. भरून ठेवून पुढच्याचं बोट टोचायला जाऊ नका. रक्तातल्या पेशी जिवंत असतात, त्या साखर खातात आणि लॅक्टेट सोडतात. साध्या ट्यूबमध्ये ठेवलेल्या रक्तातली साखर नेहमीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते, उन्हात त्याहून जास्त.

ट्यूबमधून चिप भरणाऱ्यांनी झाकणाचा रंग बघा. साखर नंतर करायची म्हणून राखाडी झाकणाची फ्लोराइडची ट्यूब घेतात ते लॅबसाठी ठीक, पण फ्लोराइड एन्झाइमला रोखतं आणि चिपचं कामच एन्झाइमवर चालतं, म्हणून कागदावर परवानगी असेल तरच. आणि मनोविकाराच्या पेशंटच्या रक्तात लिथियम या औषधाचं प्रमाण बघायचं असेल तर लिथियम हेपरिनची हिरवी ट्यूब घेऊ नका. हसू नका, घेतात लोक.

८. मशीन चालू असताना

सपाट टेबल, मशीन हलवायचं नाही, चिप ओढायची नाही. मोटरसायकलच्या सीटवर ठेवून टेस्ट करणारे पण मला भेटलेत. एरर कोड आला तर तो लिहून ठेवा, कारण भरणं कमी, भरणं जास्त, तापमान असे प्रत्येकाचे कोड वेगळे असतात, आणि दिवसभरात एकच कोड चार वेळा आला तर चूक कुठल्या पायरीला होतेय ते तिथंच कळतं.

९. आकडा वाचणं

आधी युनिट बघा. मशीन कुणीतरी एमजी/डीएलऐवजी मिलिमोल या युनिटवर ठेवलेलं असतं आणि साखर ७.२ दिसली की गोंधळ. ग्लुकोजला १८ नं गुणा, म्हणजे १३० एमजी/डीएल. लॅक्टेटला ९ नं. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असेल तर ८८.४ नं भागा.

मग बघा की आकडा समोरच्या माणसाला शोभतो का. चालत, बोलत, घाम न येता बसलेल्या माणसाची साखर ३८ आली तर परत करा, पण ती खरीही असू शकते, म्हणून लक्षणं असतील तर परत करायच्या आधी तोंडात साखर किंवा ग्लुकोज पावडर. ७० च्या खाली आलं की हाच नियम. ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, धाप, गुंगी असेल तर शिबिराचं औषध देत बसू नका, गाडी बोलवा. बसून राहिलेल्या माणसाचं लॅक्टेट ४ मिलिमोलच्या वर आलं आणि तो आजारी दिसतोय तर तेच.

ॲनिमिया विसरू नका, आपल्या भागात बायकांमध्ये तो सर्रास असतो. रक्तात पेशी कमी असल्या की बऱ्याच पट्ट्या आणि चिप साखर खरीपेक्षा जास्त दाखवतात. हिमोग्लोबिनला ३ नं गुणलं की अंदाजे हेमॅटोक्रिट मिळतो, म्हणजे हिमोग्लोबिन ७ असेल तर २१. झाकणावर लिहिलेल्या मर्यादेबाहेर असेल तर त्या बाईचा चिपचा आकडा देऊच नका, शिरेतलं रक्त लॅबला पाठवा.

"लॅबशी जुळत नाही" ही कायमची तक्रार. आधी बघा की दोन्ही रक्तं एकाच वेळची आहेत का. जेवणानंतर बोटाच्या रक्तात साखर शिरेपेक्षा जास्त असते, त्यात मशीनचा दोष नाही. ग्लुकोमीटरच्या आयएसओ १५१९७:२०१३ या मानकातच १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ एमजी इतका फरक मान्य आहे. क्रिएटिनिनचं वेगळंच, बऱ्याच लॅब अजून जाफे पद्धतीनं करतात आणि चिप एन्झाइमनं. जाफेत क्रिएटिनिनचा रंग मोजतात, पण कीटोनसारखी रक्तातली दुसरी द्रव्यंही तसाच रंग देतात. एकाच माणसाचा मागोवा घ्यायचा असेल तर दरवेळी एकाच पद्धतीनं करा.

आणि शिबिरात कुणाला "तुम्हाला शुगर आहे", "किडनी गेली" असं म्हणू नका. मधुमेहाचं निदान शिरेतल्या प्लाझ्मावर करतात, किडनीचा जुना आजार म्हणायला बिघाड ३ महिने टिकून असावा लागतो. "आकडा जरा जास्त आलाय, या चिठ्ठीवर लॅबमध्ये परत बघून घ्या आण्णा" एवढंच.

१०. रजिस्टर आणि कचरा

प्रत्येक ओळीत नाव-वयाबरोबर वेळ, चिपचा लॉट नंबर, टेबलाचं तापमान आणि कुणी टोचलं ते लिहा. तापमानाचा रकाना लोकांना फालतू वाटतो. पण आमच्या एका शिबिरात सकाळचे साठ रिपोर्ट ठीक आणि नंतरचे सतरा संशयास्पद, हे त्या एका रकान्यावरनंच वेगळं करता आलं. नाहीतर सगळ्या सत्त्याहत्तर जणांना परत बोलवावं लागलं असतं.

एक माणूस, एक लॅन्सेट. टोचायचं पेन सगळ्यांना एकच आणि सुई तेवढी बदलली, हे चालत नाही, पेनच्या टोकाला रक्त लागतं आणि त्यातून हिपॅटायटिस बी ही कावीळ पसरते. शिबिराला एकदाच वापरायचे, टोचल्यावर आपोआप आत जाणारे लॅन्सेट घ्या. हातमोजे दर माणसाला बदला.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे लॅन्सेट पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि रक्त लागलेलं प्लास्टिक लाल पिशवीत. पिशव्या शाळेच्या आवारात ठेवून येऊ नका, मोजून गाडीत घाला. लॅन्सेटचे डबे रिकामे किती नेले आणि भरलेले किती आणले तेही रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहा. एकदा आमचा एक डबा कमी भरला होता, तो शोधायला दोघंजण शाळेवर परत गेले तर फळ्याच्या मागं सापडला, सोमवारी पोरं यायच्या आत.